तिसरा रकाना

अंगणवाडीतला गरोदर बायांचा वजनकाटा
शनिवारी मी घरी आणते, सोमवारी परत नेते.
पप्पा लुंगी सावरत त्यावर उभे राहतात
आणि विचारतात, "कितवा महिना?"

अठ्ठावन्न किलो आठशे.
गेल्या शनिवारपेक्षा दीड किलो जास्त.
मांस नव्हे, पाणी.
घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडतो
आणि बराच वेळ राहतो,
ओल्या वाळूत कुर्ली शिरून गेल्यासारखा.

एक मूत्रपिंड चार वर्षांपूर्वी गाठीसकट काढलं,
दुसरं त्याच्याआधीच दमलेलं.
मग गाठ फुप्फुसात उगवली.
बांबोळीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इम्युनोथेरपी करू.
हे औषध गाठीला हात लावत नाही,
तुमच्याच अंगातल्या पहारेकऱ्यांना उठवतं.
पप्पांनी सगळं कळल्यासारखी मान डोलावली.
परतीच्या कदंबात, करमलच्या घाटात, म्हणाले,
"म्हणजे राखणदाराला जागवायचं.
पण बाय, त्याचा रोट आणि विडी कुठे ठेवायची
ते विचारलंस?"

राखणदार उठला.
चौथ्या सलाईननंतर पाठभर पुरळ,
कातडीखालून हुमले चालावेत तशी खाज.
दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे, म्हशीसारखे.
मग जुलाब, दिवसात नऊ वेळा.
शेजारची आपोलीन दोन शहाळी घेऊन आली.
जुलाबावर दुसरं काय देणार माणूस?
चाळीस वर्षं माड चढलेला हा पाडेली,
छातीचं चामडं झालेला,
आणि आहाराच्या कागदावर लाल शाईत:
शहाळ्याचं पाणी बंद.
त्यांनी एक शहाळं उचललं, कानाशी हलवलं,
"आठ दिवस घाई केली पाडणाऱ्यानं," म्हणाले,
आणि तिच्या हातात परत दिलं.

मंगळवारी दोन कागद मिळाले.
एकावर गाठ निम्मी झालेली.
दुसऱ्यावर क्रिएटिनिन
दोन पूर्णांक तीनवरून चार पूर्णांक एक.
डॉक्टरीणबाईंनी ते शेजारी शेजारी ठेवले,
पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
"जागे झालेत," म्हणाल्या,
"पण चोर कुठला नि घरधनी कुठला, ते कळेना त्यांना."

औषध थांबलं. स्टिरॉइड सुरू.
आता राखणदाराला निजवायचं, पण पुरतं नाही.
पप्पांचं तोंड गरगरीत झालं,
आरशात बघून म्हणाले, भाटकार दिसतो.
झोप मात्र उडाली.
रात्री तीन वाजता परसात घासण्याचा आवाज.
तीन वर्षं न वापरलेला कोयता
दगडावर, हळू, जिवाला लावून.
मी दिवा लावला नाही.

त्यांच्या पाडपाच्या वहीत
पुढून त्यांचं अक्षर:
खालचं कुळागर ३४०, पोकळ ११.
मागून माझं:
प्यायले ९५०. झाली ४१०.
दोन्ही हिशेब एकमेकांच्या दिशेनं येतायत,
मध्ये सहा कोरी पानं उरलीत.

पुढल्या महिन्यात बाई विचारणार आहेत,
पुन्हा सुरू करायचं का.
मी घरात विषय काढते, ते खोबऱ्याच्या भावाचं बोलतात.
एकदाच म्हणाले,
"वर गेल्यावर वारा सुटला तर
उतरायचंही नसतं, चढायचंही."
आणि मग किती वेळ, ते नाही सांगितलं.

काल रात्री पेल्यात शेवटचं पाणी होतं,
दिवसाच्या मापातलं, पन्नास मिली.
घशाला कोरड, ओठ सोललेले,
तरी तो पेला घेऊन ते उंबऱ्यापाशी गेले,
बाहेर काळोखात वाकले,
आणि पाणी पायरीवर ओतून आले.
"फेरीला येईल तेव्हा
घर ओळखू दे त्याला."

मी वही उघडली.
प्यायले म्हणू तर ते खोटं,
झाली म्हणू तर तेही.
पट्टी घेतली
आणि पानावर आणखी एक रेघ मारली.